ध्येयवेडे दादासाहेब फाळके

आज चित्रपट पाहिला नाही असा मनुष्य शोधूनही सापडणे कठीण आहे. शहरातील भव्य चित्रपटगृहात, जत्रेतील तंबूत, घरातल्या दूरचित्रवाणीवर, एवढेच काय पण तळहातावर मावणाऱ्या भ्रमणध्वनीवरही चित्रपट पाहता येतो. त्या उद्योगावर असंख्य कुटुंबांचा चरितार्थ चालतो. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभी या देशात पडद्यावर दिसणारी माणसे परदेशी होती, त्यांच्या कथा परदेशी होत्या आणि ती चित्रे काढणारे हातही बहुधा परदेशीच होते. ७ जुलै १८९६ रोजी फ्रान्समधील ल्यूमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा खेळ मुंबईच्या वॉटसन हॉटेलात प्रथम झाला. त्यानंतर हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी १८९९ मध्ये मुंबईतील एका कुस्तीचे चित्रण केले. पण ती चित्रे अवघ्या काही मिनिटांची असत. आपल्या कथा, आपली माणसे आणि आपली यंत्रे घेऊन याच भूमीत चित्रपट निर्माण करावयाचा, असा ध्यास एका मराठी गृहस्थाने घेतला आणि त्यासाठी आपले सर्वस्व पणाला लावले. ते गृहस्थ म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके. सारा देश त्यांना दादासाहेब फाळके या नावाने ओळखतो.

दादासाहेबांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळील त्र्यंबकेश्वर या तीर्थक्षेत्री झाला. त्यांचे वडील दाजीशास्त्री हे संस्कृतचे विद्वान पंडित होते. मुलानेही शास्त्राध्ययन करून घराण्याचा लौकिक चालवावा, असे कोणत्याही शास्त्रीबुवांस वाटले असते. परंतु बालपणापासून धुंडिराजांचा ओढा चित्रे काढणे, मूर्ती घडविणे, नाटकातील सोंगे वठविणे याच गोष्टींकडे होता. पुढे दाजीशास्त्र्यांना मुंबईच्या विल्सन कॉलेजात संस्कृत शिकविण्याचे काम मिळाले आणि फाळके कुटुंब मुंबईस आले. तेथे १८८५ मध्ये धुंडिराजांनी सर जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला. त्यानंतर बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी चित्रकलेचा आणि छायाचित्रणाचा अभ्यास केला. ठसे तयार करण्याची व शिळाछापाची विद्याही त्यांनी हस्तगत केली. आदर्श नाट्यगृहाची एक प्रतिकृती त्यांनी बनविली होती; १८९२ साली अहमदाबादच्या प्रदर्शनात तिला सुवर्णपदक मिळाले.

एवढी विद्या संपादन करूनही संसार सुखाचा झाला नाही. छायाचित्रकाराचा धंदा करावा, तर छायाचित्र काढल्याने माणसाचे आयुष्य घटते, असा लोकांचा समज. त्यामुळे गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढेना. १९०० च्या सुमारास गोध्रा येथे प्लेगच्या साथीत त्यांची पत्नी आणि मूल दोघेही दगावली. या आघातानेही ते खचले नाहीत. त्यांनी जादूगाराची विद्या शिकून घेतली आणि आपल्या आडनावाची अक्षरे उलटसुलट करून प्रोफेसर केल्फा या नावाने जादूचे प्रयोग केले. डोळ्यांना चकविण्याची ही कला पुढे आपल्याला केवढ्या उपयोगी पडणार आहे, याची त्यांना तेव्हा कल्पनाही नसेल. १९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. त्यांच्या पत्नीचे नाव सरस्वतीबाई. पुढे जे कार्य दादासाहेबांच्या हातून घडले, त्यात या माउलीचा वाटा निम्म्याहून कमी नव्हता.

१९०३ साली दादासाहेबांना सरकारच्या पुराणवस्तू खात्यात आरेखक व छायाचित्रकार म्हणून नोकरी मिळाली. परंतु ते स्वदेशीच्या चळवळीचे दिवस होते. परक्या सरकारची चाकरी त्यांच्या मनास रुचेना. तीन-चार वर्षांतच त्यांनी नोकरी सोडली आणि लोणावळ्यास छापखाना काढला. तो पुढे मुंबईस दादर येथे आला. रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी १९०९ मध्ये ते जर्मनीस जाऊन आले. छापखान्यातून निघणाऱ्या सुबक चित्रांची वाहवा होऊ लागली. अशातच भागीदारांशी मतभेद झाले. मनास न पटणारी गोष्ट क्षणभरही सोसावयाची नाही, हा दादासाहेबांचा स्वभाव. ते अंगावरच्या वस्त्रांनिशी त्या भरभराटीच्या धंद्यातून बाहेर पडले. वय चाळिशीला आलेले, घरात पत्नी आणि लहान मुले, आणि हाती उद्योग नाही, अशी त्यांची स्थिती झाली.

याच सुमारास गिरगावातील 'अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेस' या चित्रपटगृहात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या चरित्रावरील चित्रपट पाहिला. बाकीचे प्रेक्षक ख्रिस्ताचे जीवन पाहत होते. दादासाहेबांच्या डोळ्यांपुढे मात्र श्रीकृष्ण, गोकुळ, राम आणि अयोध्या उभी राहत होती. ख्रिस्ताची कथा पडद्यावर येऊ शकते, तर रामकृष्णांची का येऊ नये? या एका प्रश्नाने त्यांना झपाटून टाकले. त्यांनी सरस्वतीबाईंनाही तो खेळ दाखविला आणि आपला मनोदय सांगितला. मग त्यांचा एकच उद्योग सुरू झाला. मिळतील ती पुस्तके वाचावयाची, रोज संध्याकाळी चित्रपटगृहात जाऊन बसावयाचे, आणि घरी परतल्यावर लहानशा यंत्रावर जुन्या फितींचे तुकडे फिरवून प्रयोग करावयाचे. झोप नाही, विश्रांती नाही. डोळ्यांवर पडलेला ताण इतका असह्य झाला, की काही काळ त्यांची दृष्टीच गेली. ज्याने जगाला चित्र दाखवावयाचे, त्यालाच दिसेनासे झाले! सुदैवाने वैद्यकीय उपचारांना यश आले व दृष्टी परत मिळाली. परंतु दृष्टी येताच त्यांनी पुन्हा तेच काम हाती घेतले.

चित्रपटाची विद्या शिकण्यासाठी विलायतेस जाणे आवश्यक होते. त्यासाठी पैसा कोठून आणावयाचा? दादासाहेबांनी आपली विम्याची पॉलिसी गहाण ठेवली. नातलगांना आणि स्नेह्यांना हे वेडेपण वाटले. सरस्वतीबाईंनी मात्र त्यांना आडकाठी केली नाही. १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते लंडनला जाण्यासाठी बोटीवर चढले. त्या अफाट शहरात त्यांच्या ओळखीचे कोणीही नव्हते. 'बायोस्कोप' नावाच्या साप्ताहिकाची पाटी दिसताच ते थेट त्याच्या संपादकांच्या भेटीस गेले. विलायतेतही या धंद्यात अनेकांचे दिवाळे वाजते, असे सांगून संपादकांनी त्यांना परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. पण या पाहुण्याची जिद्द पाहून त्यांनीच पुढे त्यांची गाठ सेसिल हेपवर्थ या प्रसिद्ध निर्मात्याशी घालून दिली. हेपवर्थ यांच्या चित्रणशाळेत दादासाहेबांनी सर्व क्रिया बारकाईने पाहिल्या. विल्यमसन कंपनीचा एक कॅमेरा, फितीला छिद्रे पाडण्याचे यंत्र आणि इतर सामग्री यांची खरेदी करून ते १ एप्रिल १९१२ रोजी मुंबईस परतले.

चलच्चित्र म्हणजे वस्तुतः स्थिर छायाचित्रांची एक लांबच लांब माळ होय. एका फूट लांबीच्या फितीवर अशी सोळा चित्रे मावतात. एक चित्र डोळ्यांपुढून जाऊन दुसरे इतक्या त्वरेने येते, की त्यांतील खंड आपल्याला जाणवत नाही आणि चित्रातील माणूस चालतो आहे असा भास होतो. त्या काळी कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवावा लागे. फिरविणाऱ्याचा हात थोडा मंदावला, की पडद्यावरील पात्रे धावू लागत. हात वेगाने चालला, की पात्रे संथ होत. चित्रण झाल्यावर अंधाऱ्या खोलीत फीत रसायनांत धुवावयाची, तिच्यावरून दुसरी फीत छापावयाची, मग तुकडे कापून कथेच्या क्रमाने जोडावयाचे, अशी ती सारी किचकट प्रक्रिया होती.

ही विद्या आपणास अवगत झाली आहे, हे लोकांना पटविल्यावाचून भांडवल मिळणार नव्हते. तेव्हा दादासाहेबांनी एक युक्ती योजिली. एका कुंडीत त्यांनी वाटाण्याचा दाणा पेरला. तिच्यासमोर कॅमेरा पक्का बसवून ते रोज नेमाने थोडेथोडे चित्रण करू लागले. हा क्रम महिन्याहून अधिक काळ चालला. फीत तयार होऊन पडद्यावर दिसू लागली तेव्हा पाहणारे थक्क झाले. मातीतून कोंब वर आला, त्याला पाने फुटली, आणि जे वाढण्यास कित्येक दिवस लागले, ते रोपटे पाहता पाहता मोठे झाले! 'अंकुराची वाढ' हा तो चिमुकला चित्रपट पाहून द्रव्यसाहाय्य करण्यास माणसे पुढे आली. तेवढेही पुरेना, तेव्हा सरस्वतीबाईंनी आपले दागिने काढून दिले.

पहिल्या चित्रपटासाठी दादासाहेबांनी सत्यवचनी राजा हरिश्चंद्राची कथा निवडली. दादर येथील घराच्या आवारात चित्रणशाळा उभी राहिली. आता पात्रे हवी होती. वर्तमानपत्रात जाहिरात दिली, अनेकांची आर्जवे केली. परंतु चित्रपटात काम करणे त्या काळी इतके हीन समजले जाई, की एकही स्त्री तयार होईना. अखेर एका उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके नावाच्या नाजूक बांध्याच्या तरुणाची तारामतीच्या भूमिकेसाठी निवड झाली. हरिश्चंद्राचे काम दत्तात्रय दामोदर दाबके यांनी केले, तर बालराजपुत्र झाला दादासाहेबांचाच मुलगा भालचंद्र. स्त्रियांची कामे करणाऱ्या पुरुषांना मिशा काढावयास सांगणे हेदेखील मोठे संकटच होते. कारण वडील हयात असता मिशा काढणे अशुभ मानीत. कामावर येणाऱ्या मंडळींना लोकांच्या निंदेला तोंड द्यावे लागू नये, म्हणून आपण हरिश्चंद्राच्या कारखान्यात नोकरीला आहोत असे बाहेर सांगण्याची सूचना दादासाहेबांनी दिली होती. वांगणी गावी चित्रण करण्यासाठी मंडळी गेली असता, ढाली-तलवारी घेतलेली ही टोळी पाहून गावकऱ्यांना ते दरोडेखोरच वाटले आणि सर्वांना अटकेत पडावे लागले. दादासाहेबांनी तेथे जाऊन सर्व खुलासा केला, तेव्हा कोठे त्यांची सुटका झाली.

या सर्व काळात सरस्वतीबाईंचे कष्ट पाहून कोणीही नतमस्तक व्हावे. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्या करीत. उन्हाचा प्रकाश पात्रांच्या चेहऱ्यावर परावर्तित व्हावा म्हणून पांढरी चादर धरून त्या तासन् तास उभ्या राहत. रात्री सर्व निजले, की त्यांचे दुसरे काम सुरू होई. विलायतेहून येणाऱ्या कोऱ्या फितीला छिद्रे पाडलेली नसत, आणि प्रकाशाचा किरण पडला तर फीत वाया जाई. म्हणून मिट्ट काळोखात केवळ स्पर्शाच्या आधारे त्या यंत्राने छिद्रे पाडीत. एका चित्राच्या दोन्ही कडांना चार-चार छिद्रे लागत. 'राजा हरिश्चंद्र' या चित्रपटाची लांबी सुमारे ३,७०० फूट होती. तेवढ्या फितीच्या एका कडेची छिद्रे मोजली, तरी ती दोन लाखांच्या पलीकडे जातात. फीत धुण्याचे कामही त्या शिकल्या. पडद्यावर त्यांचे दर्शन कधी घडले नाही. परंतु पडद्यावरील प्रत्येक चित्राला त्यांचा हात लागलेला होता.

सुमारे सात महिन्यांच्या परिश्रमानंतर चित्रपट पूर्ण झाला. दरम्यान, १८ मे १९१२ रोजी दादासाहेब तोरणे यांचा 'श्री पुंडलीक' हा चित्रपट मुंबईत झळकला होता. परंतु ते रंगभूमीवरील नाटकाचे चित्रण होते, आणि त्याचा छायालेखक इंग्रज होता. चित्रपटासाठी म्हणून कथा रचून, चित्रणापासून धुण्या-छापण्यापर्यंतची सर्व कामे येथेच करून पूर्ण लांबीचा कथापट सिद्ध करण्याचा मान 'राजा हरिश्चंद्र'ला देण्यात येतो, तो यामुळेच. २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिम्पिया थिएटरात निमंत्रितांसाठी त्याचा खेळ झाला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातील 'कॉरोनेशन' चित्रपटगृहात तो सर्वांसाठी खुला झाला. तो मूकपट होता. पात्रांचे बोलणे ऐकू येत नसे. कथेचा धागा कळावा म्हणून मधूनमधून पडद्यावर हिंदी व इंग्रजी मजकूर येई. तरीही हरिश्चंद्राचे राज्य गेले, तारामतीवर घाला आला, तेव्हा प्रेक्षक हेलावून गेले. चित्रपटाला गर्दी लोटली. इतर गावी मात्र लोकांना ओढून आणावे लागे. सहा-सहा तास चालणारी नाटके पाहण्याची सवय झालेल्या सुरतेच्या लोकांना हा लहानसा खेळ महाग वाटला. तेव्हा दादासाहेबांनी अवघ्या काही आण्यांत सत्तावन्न हजार छायाचित्रे पाहावयास मिळतील अशी जाहिरात केली आणि चित्रपटगृह भरून गेले!

त्याच वर्षी दादासाहेबांनी आपले बिऱ्हाड नाशिकला हलविले. 'मोहिनी भस्मासुर' या पुढील चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई यांनी भूमिका केल्या आणि भारतीय चित्रपटात स्त्रियांचा प्रवेश झाला. १९१४ मध्ये दादासाहेब आपले चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले. तेथील जाणकारांनी त्यांची प्रशंसा केली. विलायतेतच राहून चित्रपट काढावेत, असे आमंत्रणही त्यांना मिळाले. हातात पैसा नसतानाही त्यांनी ते नाकारले. स्वदेशात हा उद्योग रुजविण्यासाठी त्यांनी एवढा खटाटोप केला होता. तो परदेशी जाऊन कसा साधणार?

तेवढ्यात पहिले महायुद्ध पेटले. भांडवल मिळेना, काम थंडावले. तरी त्यांनी हिंमत सोडली नाही. १९१७ मध्ये 'लंकादहन' तयार झाला. त्यात अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या होत्या! पडद्यावर प्रभू रामचंद्र दिसताच प्रेक्षक पायांतील वहाणा काढून हात जोडीत. तिकिटांच्या पैशांची पोती बैलगाडीतून न्यावी लागली, असे सांगतात. १९१८ मध्ये भागीदारांसह 'हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी' स्थापन झाली आणि 'श्रीकृष्णजन्म', 'कालियामर्दन' असे चित्रपट निघाले. 'कालियामर्दना'त बाळकृष्णाची भूमिका त्यांची लहान मुलगी मंदाकिनी हिने केली. आरंभी तिचे निरनिराळे मुखभाव दाखवून मग तीच मुलगी श्रीकृष्णाच्या वेषात अवतरते, अशी रचना त्यांनी केली होती. कॅमेरा मध्येच थांबवून वस्तू बदलणे, एकाच फितीवर दोनदा चित्रण करणे, अशा युक्त्यांनी ते चमत्कार दाखवीत. पूर्वीची जादूगाराची विद्या अशी फळाला आली. चित्रपट कसा तयार होतो हे सर्वांना कळावे, म्हणून त्यांनी त्याविषयीही एक लघुपट काढला.

यश आले, तसे मतभेदही आले. दादासाहेबांना चित्रपटाच्या दर्जात तडजोड मान्य नव्हती. भागीदारांचे लक्ष खर्चावर होते. उद्विग्न होऊन दादासाहेब कंपनी सोडून काशीस गेले. तेथे त्यांनी 'रंगभूमी' नावाचे नाटक लिहिले. काही काळाने ते कंपनीत परतले, परंतु पूर्वीचे दिवस परतले नाहीत. १४ मार्च १९३१ रोजी 'आलम आरा' हा पहिला भारतीय बोलपट प्रदर्शित झाला. मुकी चित्रे बोलू लागली आणि मूकपटांचे युग सरले. त्यांच्या 'सेतुबंधन' या मूकपटाला मागाहून ध्वनीची जोड द्यावी लागली. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, १९३७ मध्ये, त्यांनी कोल्हापूरच्या संस्थेसाठी 'गंगावतरण' हा बोलपट दिग्दर्शित केला. तो त्यांचा अखेरचा चित्रपट ठरला.

ज्या उद्योगाने पुढे अनेकांना धन आणि कीर्ती दिली, त्याचा पाया घालणारा हा कलावंत उतारवयात आर्थिक विवंचनेत होता. १९३९ साली भारतीय चित्रपटाचा रौप्यमहोत्सव साजरा झाला, त्या वेळी त्यांचा गौरव करण्यात आला. परंतु एकंदरीत जग त्यांना विसरू लागले होते. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली.

त्या काळच्या फिती लवकर पेट घेणाऱ्या व झिजणाऱ्या असत. त्यामुळे दादासाहेबांच्या चित्रपटांपैकी फारच थोडे अवशेष आज उरले आहेत. 'राजा हरिश्चंद्र'ची वाचलेली रिळे पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जतन करण्यात आली आहेत. १९६९ पासून भारत सरकार चित्रपटक्षेत्रातील सर्वोच्च सन्मान त्यांच्या नावाने देऊ लागले; तो पहिल्यांदा देविका राणी यांना मिळाला. नाशिकला पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे, आणि दादरमधील ज्या रस्त्यावर 'हरिश्चंद्राचा कारखाना' चालला, तो रस्ता आता दादासाहेब फाळके यांच्या नावाने ओळखला जातो.

सत्यासाठी राज्य, धन आणि स्वजन यांचा त्याग करणाऱ्या राजाची कथा त्यांनी पहिल्या चित्रपटासाठी निवडली. ती कथा साकार करताना त्यांनाही घरातील दागिना, विम्याचा आधार आणि डोळ्यांचे तेज पणाला लावावे लागले. हरिश्चंद्राला त्याचे राज्य अखेर परत मिळाले. दादासाहेबांच्या पदरी ते सुख आले नाही. परंतु कुंडीत पेरलेल्या त्या वाटाण्याच्या दाण्याप्रमाणे त्यांनी रुजविलेला उद्योग वाढत गेला, आणि त्याची सावली आज साऱ्या देशावर पसरली आहे.